साडेपाच तास मागचं घड्याळ

मागच्या वैशाखात ताई आठ दिवसांसाठी माहेरी आली होती. दुपारची जेवणं झालेली, आई आतल्या खोलीत जरा लवंडलेली, अण्णा बाजेवर तोंडावर पेपर घेऊन, बाहेर ऊन असं की समोरच्या पत्र्याकडं बघवत नव्हतं, आणि ताई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणली, "तुझा लॅपटॉप देतो का थोडा वेळ? माझा मोबाईल तिकडं सगळेच हातात घेतात." काय बघायचंय ते मी विचारलं नाही. लग्नाला सहा वर्षं झालीत, अजून पाळणा हलला नाही, एवढं माहीत असल्यावर विचारायचं काय. मी तिला प्रायव्हेट विंडो उघडून दिली आणि मोठ्या जाणकारासारखं सांगितलं, "ह्याच्यात बघ. बंद केलं की सगळं पुसून जातंय. कुणाला काही कळत नाही." तिनं दार लोटून घेतलं. तासाभरानं लॅपटॉप परत दिला तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण उन्हानं पण होतात म्हणून मी काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा म्हणले, लातूरला सोयाबीन कितीनं निघालं बघ बरं. भाव वाढंल म्हणून घरात चाळीस कट्टे थप्पी लावून ठेवलेले, त्यामुळं हा रोजचा कार्यक्रमच होता. मी लॅपटॉप मांडीवर घेतला, अण्णा चष्मा लावून शेजारी, ताई मागं भिंतीला टेकून सुपात डाळ पाखडत होती. भावाचं पान उघडलं, वरच्या दोन-तीन ओळीत बाजार समित्या, आणि त्याच्या खाली निम्मं पान भरून एक गोरंगोमटं हसरं बाळ. चक्क मराठीत, मोठ्या अक्षरात, आई होण्याचं स्वप्न पूर्ण करा, सोप्या हप्त्यात. अण्णांची नजर त्याच्यावर थांबली. मागं सुपाचा आवाज थांबला. मी घाईघाईनं पान खाली सरकवलं तर खाली पण तेच बाळ. अण्णा एवढंच म्हणले, "भाव पडलाय म्हणायचा," आणि उठून बाहेर गेले. रात्री ते आईला हळू आवाजात काहीतरी विचारत होते, भिंत पातळ आहे, मला ऐकू आलं, म्हणजे ताईलाही आलंच असणार. आठ दिवसांसाठी आलेली ताई पाचव्या दिवशी गेली.

मी तिला शब्द दिला होता.

आता हे मला कळायला पाहिजे होतं, कारण माझं पोटच कम्प्युटरवर आहे. केजला स्टँडच्या अलीकडं माझं सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, दिवसभर हेच. तरी मी ताईला जे सांगितलं ते अर्धंच खरं होतं. प्रायव्हेट विंडो पुसते ती आपल्या बाजूची पाटी, म्हणजे हिस्ट्री आणि कुकी, साइट आपल्याच मशीनवर ठेवून जाते ती खुणेची चिठ्ठी. समोरच्यानं आपल्याला बघून त्याच्या वहीत काय लिहून ठेवलं, ते ती पुसू शकत नाही. आणि समोरच्याला ओळखायला कुकी लागतेच असं नाही. ते बाळ त्या पानावर नेमकं कशामुळं आलं हे मी छातीठोक सांगू शकत नाही, घरातलं एकच वायफाय म्हणजे आयपी पत्ता, नेटवरचा घराचा नंबर, पण एकच, तेवढ्यावरूनही जुळवता येतं. पण ताई गेल्यावर त्या रात्री मी खोदत बसलो, आणि त्या खोदण्यात मला पहिल्यांदा ब्राउझर फिंगरप्रिंटिंग हा शब्द नीट कळला, म्हणजे ब्राउझरच्या आणि मशीनच्या बारीकसारीक गुणांवरून ते कुठलं हे ओळखणं. त्याला मराठीत मी ठसाच म्हणतो. दिवसभर लोकांचे ठसे घेणाऱ्या माणसाला दुसरा शब्द सुचत नाही.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन म्हणून अमेरिकेत एक संस्था आहे, तिच्या साइटवर आपला ब्राउझर तपासायची सोय आहे, कव्हर युअर ट्रॅक्स नावाची. रात्रीचा एक वाजलेला, कूलरची घरघर, मी बटण दाबलं. जरा वेळ चक्र फिरलं आणि उत्तर आलं की गेल्या 45 दिवसात तपासलेल्या सगळ्या ब्राउझरमध्ये माझ्यासारखा दुसरा एकही नाही. एरवी आपल्यासारखं दुसरं कुणी नाही म्हणलं की माणसाला बरं वाटतं, मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. ह्या चाचणीचं आधीचं नाव पॅनोप्टिक्लिक, आणि त्याच संस्थेच्या पीटर एकर्सलीनं 2010 मध्येच तिच्यावरून दाखवून दिलं होतं की तपासलेल्या 4 लाख 70 हजार 161 ब्राउझरपैकी 83.6 टक्के ब्राउझर एकमेव निघाले. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. तेव्हा आमच्याकडं नेट कॅफेत तासाला वीस रुपये देऊन निकाल बघायचो आम्ही.

त्या चाचणीनं खाली सविस्तर यादी दिली होती, कशाकशावरून तुला ओळखलं ते. स्क्रीन किती बाय किती, प्रोसेसरला कोर किती, ग्राफिक कार्ड कुठलं, घड्याळ कुठल्या देशाचं. एकेक गोष्ट घेतली तर साधी, लाखो लोकांची तशीच. पण एकावर एक चाळण्या लावत गेलं की शेवटी सुपात एकच दाणा उरतो. हिशोब सरळ आहे, हो किंवा नाही असं उत्तर येणारे 33 नेमके प्रश्न मिळाले तर 859 कोटीतला एक माणूस वेगळा काढता येतो, म्हणजे अख्खी दुनिया त्यात बसली. आणि कॅनव्हास नावाचा प्रकार तर मी दोनदा वाचला तेव्हा कळला. वेबसाइट आपल्या ब्राउझरला सांगते की पडद्याआड एक छोटं चित्र काढ, चार अक्षरं लिही. सगळ्यांना चित्र तेच सांगितलेलं असतं, पण प्रत्येक मशीनचं कार्ड, ड्रायव्हर, अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची पद्धत वेगळी, म्हणून ठिपक्या-ठिपक्याचा फरक पडतो, आणि त्या फरकाचा एक आकडा करून ठेवतात. आपल्याला दिसत काहीच नाही. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी हे होऊ शकतं म्हणून दाखवलं, आणि 2014 पर्यंत पहिल्या एक लाख साइटपैकी पाच टक्क्यांहून जास्त साइटवर ते सुरू पण झालं होतं.

पण मला खरं लागलं ते दुसरंच. माझ्या यादीत सगळ्यात दुर्मिळ काय निघालं तर फॉन्ट आणि भाषा. माझ्या मशीनवर मंगल आहे, कोकिळा आहे, कृतीदेव आहे, शिवाजी आहे, जुन्या अर्जांसाठी सुरेख पण ठेवलाय, कारण कुठली फाईल कुठल्या फॉन्टात येईल सांगता येत नाही. साइट फॉन्टची यादी मागत बसत नाही, ती एक शब्द लपून वेगवेगळ्या फॉन्टात लिहून बघते आणि त्याची रुंदी मोजते, रुंदी बदलली की समजायचं फॉन्ट आहे. आणि भाषा तर मी हौसेनं मराठी लावलेली. पाच-सहा वर्षांपूर्वी मुद्दाम बदलून घेतली होती, गिऱ्हाइकांना दाखवायचो, बघा आता 'नवीन टॅब' असं मराठीत येतंय म्हणून. तोच ब्राउझर प्रत्येक साइटच्या दारात जाऊन पहिल्यांदा सांगत होता की मी मराठी आहे. जगाच्या बाजारात असं सांगणारे किती थोडे, ते मला त्या रात्री आकड्यात दिसलं.

आमच्या केंद्रावर ठशाची दुसरी बाजू रोज बघतो मी. ऊसतोडीहून टोळ्या परत आल्या की गर्दी होते. परवा एक मावशी आल्या होत्या, सहा महिने कोयता चालवून आलेल्या, पाचटानं दोन्ही हात चिरलेले. मशीनवर अंगठा ठेवला, लाल. पुन्हा ठेवला, लाल. मग पाणी लावलं, पदराला पुसला, केसातनं फिरवून जरा तेल लावलं, दहाच्या दहा बोटं झाली, सगळी लाल. त्यांचा अंगठा मी हातात घेऊन बघितला तर त्यावर रेघाच नव्हत्या, घासून घासून गुळगुळीत, वरवंट्यासारखा. त्या आपलं मलाच समजावत होत्या, "माझंच हाय बाबा हे बोट, दुसऱ्याचं कुठनं आणू." त्या समोर उभ्या आहेत, नाव सांगतायत, गाव सांगतायत, मी त्यांना दहा वर्षं ओळखतो, पण मशीन म्हणतंय ही ती नाही. शेवटी डोळे स्कॅन करून काम झालं. बंगालमध्ये 1858 साली विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या तळव्याचा ठसा कागदावर घेतला, उद्या सही नाकारू नये म्हणून, तिथनं हे ठशाचं प्रकरण वाढत गेलं. त्या कोनाईला निदान माहीत होतं की आपला हात शाईत बुडवलाय. मावशीला माहीत होतं की अंगठा कुठं ठेवलाय आणि कशासाठी. ताईचा ठसा मात्र ती दार लोटून बसलेली असताना घेतला, आणि तिला कुणी विचारलं नाही.

गाव काय कमी बघतं असं मी म्हणत नाही. आमचे अण्णा अंधारात नुसत्या खोकल्यावरून सांगतात कोण चाललंय. गाडीच्या आवाजावरून कळतं कुणाच्या घरी कोण आलं. आणि ताई आली की तासाच्या आत शेजारच्या काकू पायरीवर हजर, चहा व्हायच्या आत विचारणार, "काय गं, अजून काही नाही का?" त्या प्रश्नानं ताईचं तोंड कसं होतं ते मी लहानपणापासून ओळखीच्या चेहऱ्यावर बघितलंय. पण काकूंना तोंड आहे. त्यांना आई एकदा म्हणली होती, आता पुरे, लेकराला दम घेऊ द्या. त्या दोन महिने आल्या नाहीत, मग संक्रांतीला वाण घेऊन आल्या. त्या बाळाच्या जाहिरातीमागं ज्याची वही आहे त्याला पुरे म्हणायला जायचं कुठं?

मग मी सेटिंगच्या मागं लागलो. पहिल्या आठवड्यात चूक केली, सगळे करतात तीच. दिसंल ते एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरनं जोडायचं जुगाड, टाकलं, हे अडवणारं, ते लपवणारं, आठ-नऊ झाली असतील, आणि मोठ्या आशेनं पुन्हा चाचणी केली. पुन्हा एकमेव, तेही जास्तच. कारण एवढी कुलपं लावलेलं घर गल्लीत दुसरं नव्हतं, कुलपांवरूनच ओळखू येत होतं. सगळी काढून टाकली. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या जागी अबाउट कॉन्फिग टाकलं, सावध करणारं पान आलं, पुढं जायचं म्हणलं, आणि शोधून प्रायव्हसी डॉट रेझिस्टफिंगरप्रिंटिंग ही ओळ काढली. शेजारी फॉल्स लिहिलेलं असतं, त्यावर दोनदा टिचकी मारली की ट्रू. एवढंच. ही गोष्ट मुळात टोर ब्राउझरवाल्यांची, टोर म्हणजे आपला पत्ता लपवून नेट बघू देणारा ब्राउझर, 2016 पासून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं त्यांचं काम फायरफॉक्समध्ये घ्यायला सुरुवात केली. त्यात विचार असा की तुला वेगळं लपवायचं नाही, तुला बाकीच्यांसारखं करायचं. कोरचा खरा आकडा सांगायचा नाही, ठराविक फॉन्ट सोडून बाकीचे नाहीतच असं दाखवायचं, खिडकीची मापं गोल आकड्यात आणायची, कॅनव्हास मागितला तर भलतेच ठिपके द्यायचे, आणि घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागचं.

घड्याळाची सवय व्हायला वेळ लागला. सकाळी नऊला केंद्र उघडून बसावं तर पान म्हणतंय पहाटेचे साडेतीन. डार्क मोड गेला, सगळं पांढरंफेक, रात्री डोळ्यात सलायचं. आणि एक दिवस तर फजितीच होता होता वाचली. बारावीच्या एका पोरीचा फोटो फॉर्मसाठी लहान करायचा होता, 20 केबीच्या आत, मी नेहमीच्या ऑनलाइन साइटवर टाकला, उतरवून घेतला आणि न बघता अपलोडला लावणार तेवढ्यात तीच म्हणली, "दादा, हे मी कुठंय?" बघतो तर फोटोच्या जागी नुसत्या रंगीत रेघा, उभ्याच्या उभ्या, जशी जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या तशी. साइट फोटो कॅनव्हासवर लहान करत होती आणि ब्राउझर नेमानं भलतेच ठिपके देत होता. त्याचं काम तो चोख करत होता, केंद्राच्या कामासाठी ही सेटिंग वापरायची नसते हे मला कळायला पाहिजे होतं. तेव्हापासून दोन ब्राउझर वेगळे केले, धंद्याचा वेगळा आणि घरचा वेगळा. पण त्या पोरीचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो, हे मी कुठंय.

भाषेपाशी मात्र मी दोन-तीन दिवस अडकलो. नीट लपायचं तर ब्राउझरनं मी इंग्रजी आहे असं सांगायचं, टोर ब्राउझर तर इंग्रजी पानं मागू का म्हणून सरळ विचारतो. कारण कळत होतं, पटत पण होतं. तरी होय म्हणताना जीव तुटला. गर्दीत मिसळायचं तर गर्दी कुणाची, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं आहे, आणि त्या गर्दीत माझी भाषा नाही. सगळ्यांनी मराठी लावलं असतं तर मराठीची पण गर्दी झाली असती आणि आम्ही आपल्या भाषेत लपलो असतो. ते होईपर्यंत ताईनं उघडं राहावं का? मी होय दाबलं. धंद्याच्या ब्राउझरला मराठी तशीच ठेवलीय, ती कुणी सांगितली तरी काढणार नाही.

लहानपणी एकदा आषाढीला मी पंढरपुरात हरवलो होतो. सात वर्षांचा असेन. अण्णांचं बोट सुटलं आणि बघतो तर सगळीकडं पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, पायाशी चिखल, बुक्क्याचा वास, टाळांच्या आवाजात माझं रडणं मलाच ऐकू येत नव्हतं. दोन-तीन जणांचे सदरे मागून ओढले, प्रत्येक पाठ अण्णांचीच वाटायची आणि तोंड दुसऱ्याचं निघायचं, आणि तो माणूस म्हणायचा, "काय माउली?" सगळेच माउली. अण्णांनी मला तासाभरानं शोधलं ते माझ्या शर्टावरून, आईनं मुद्दाम पोपटी शर्ट घातला होता, हरवला तर दिसावा म्हणून. आता चाळिशीला आल्यावर मी रात्री जागून तो पोपटी शर्टच काढायच्या खटपटीत होतो. टोरमध्ये पान उघडलं की कडेनं राखाडी पट्ट्या दिसतात, रुंदी 200 च्या पटीत आणि उंची 100 च्या पटीत बसवायला, म्हणजे ज्याचा-त्याचा स्क्रीन वेगळा ओळखू येऊ नये. मला त्या पट्ट्या बघितल्या की पांढऱ्या टोप्यांची रांग आठवते, भीती पण तीच आठवते.

मधल्या काळात बातमी वाचली की 2019 मध्ये ज्या गुगलनं ठसे घेणं चुकीचं म्हणलं होतं, त्यांनीच फेब्रुवारी 2025 पासून जाहिरातवाल्यांवरची ती बंदी उठवली. मला राग आला, खरंच आला. माणूस कुकी पुसू शकतो. स्वतःच्या मशीनची घडणच कशी पुसायची?

पंचमीला ताई आली. बाहेर भुरभुर पाऊस, लिंबाला झोका बांधलेला, पुरणाचा वास. दोन दिवस ती काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तशीच दारात. "ह्याच्यात तरी...?" एवढंच म्हणली. मी ह्या वेळी जाणकारी केली नाही. टोर उघडलं आणि जेवढं खरं तेवढं सांगितलं. पानं हळू उघडतील, मधेच तू माणूस आहेस का म्हणून चित्रं ओळखायला लावतील. आपल्या घरचा पत्ता जाणार नाही, ठसा बाकीच्या टोरवाल्यांसारखा दिसंल. पण कुठंही स्वतःचा ईमेल उघडू नको, आणि आम्ही फोन करतो म्हणून नंबर मागितला तर चुकूनही टाकू नको, नाव-नंबर दिला की मग मी काय, कुणीच काही करू शकत नाही. आणि शंभर टक्के म्हणून मी काहीच सांगत नाही. ती सगळं मान हलवत ऐकत होती, शाळेत ऐकायची तशी. मग स्क्रीनकडं बघत म्हणली, "वेळ चुकलीय रे हिच्यात." दुपारचे तीन वाजले होते, पानावर साडेनऊ. मी म्हणलं, हे घड्याळ आइसलंडमध्ये असतंय तसलं, त्यांना वाटू दे तू तिकडं बसलीस. तिनं जरा वेळ त्या साडेनऊकडं बघितलं आणि लॅपटॉप जवळ ओढला. मी दार ओढून घेतलं.

ओसरीवर अण्णा शेंगा फोडत बसले होते. मी शेजारी बसलो. आतनं बटणांचा आवाज येत होता, एका बोटानं टाइप करते ती, मधे बराच वेळ थांबून. एवढ्यात डोक्यावर पोतं घेऊन काकू पावसातनं आल्या, पायरीवर पाय पुसत म्हणल्या, "ताई कुठंय, आल्यापासनं दिसली नाही." मी काही बोलायच्या आत अण्णांनी पाटावरच्या शेंगा बाजूला सारल्या आणि पाट त्यांच्यापुढं केला. "बसा हितंच," म्हणले, "लेकरू निजलंय." आणि शेंगांचा वाटा त्यांच्या पुढ्यात ओतला.